कोणाची गं तू?

क्वेबेक, कॅनडा
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांच्या सेवेशी,
तेजलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले आणि माझं मलाच हसू आलं. खिशात फोन असताना मी कागदावर लिहितेय, त्याच फोनने या कागदाचा फोटो काढून प्रज्वलला पाठवणार, आणि तो भाऊराया कामावरून आला की तुमच्यासमोर धरणार. पण शहाडच्या कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान नेले त्याला कोण काय करणार? फोनवर तुम्ही नुसते माझे ओठ बघत बसता, आणि आई मध्येच फोन ओढून घेते. त्यापेक्षा हे बरं. शिवाय छापील अक्षरात पोरीचा चेहरा दिसत नाही, हा तुमचा हट्ट आहेच.

मी सुखरूप पोचले. गाव लहान आहे, आपल्या बदलापूर गावाएवढंच, पण रस्त्यावर माणूस औषधालाही सापडत नाही. वृद्धाश्रम नदीच्या काठाला आहे. चाळीसेक आजी-आजोबा असतील. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून जे केलं तेच, फक्त भाषा वेगळी. सगळं फ्रेंचमध्ये. इंग्रजी बोललं की म्हातारी माणसं तोंड फिरवतात.

इथे एक रीत आहे. कामाला नवीन माणूस आलं की रविवारी दुपारच्या जेवणाला त्याला पियानोजवळ उभं करतात आणि त्याने सगळ्यांना स्वतःची ओळख करून द्यायची. आजी-आजोबा, त्यांना भेटायला आलेली मुलंबाळं, स्वयंपाकघरातली माणसं, सगळी हातातले चमचे खाली ठेवून ऐकतात. मागच्या रविवारी माझी पाळी होती, मी पियानोची कड धरून उभी राहिले. पण उल्हासनगरच्या करिष्मा मॅडमच्या फ्रेंच क्लासचा पाठ घोटून घोटून केला होता तो कामाला आला. 'ज मापेल तेजल'पासून शेवटच्या मेर्सीपर्यंत एकही शब्द अडला नाही. टाळ्या पडल्या. रोझ नावाच्या एका आजींनी जवळ बोलावून दोन्ही गालांचे पापे घेतले. मॅडमना कळवा हं, त्यांचा फळा धन्य झाला.

माझ्या जनीला सांगा की तिनेच माझी तयारी करून घेतली होती. मी भाकऱ्या थापत पाठ म्हणायचे आणि ती हातात डाव धरून मुलाखत घेणारी साहेबीण व्हायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पण तिला फोनवर का बोलवत नाही तुम्ही? प्रत्येक वेळी आई सांगते, खेळायला गेली, झोपली, न्हायला बसली. सात वर्षांच्या पोरीला इतकं न्हायला लागतं का?

इथे आता झाडं लाल झाली आहेत. आईला सांगा, तिने दिलेला मसाला हवाबंद डब्यात ठेवला आहे. लोभ आहेच, मला त्याची आता नेहमीपेक्षा जास्त गरज आहे.

तुमची,
तेजल

---

बदलापूर गाव
१४ ऑक्टोबर २०२४

चि. तेजल हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. प्रज्वलने फोनवर अक्षर मोठं करून दाखवलं तेव्हा तुझा 'त' माझ्या तळहाताएवढा झाला. कागदाच्या कोपऱ्यात हळदीचा डाग दिसला. म्हणजे मसाल्याचा डबा हवाबंद नाही, हे तुझ्या आईने लगेच ओळखलं.

टाळ्या पडल्या हे वाचून बरं वाटलं. करिष्मा मॅडमचा एकच पाठ सगळ्यांना, हे मला कधी पटलं नव्हतं. उल्हासनगरात जीन्सचं कापड थरावर थर ठेवून एकाच फटक्यात कापतात, तशी ती पोरं कापून परदेशी पाठवते असं मी म्हणायचो आणि तू चिडायचीस. पण चाललं ना? मग माझं तोंड बंद.

आता खरं लिहितो. जनीला आम्ही बोलावतो, ती येत नाही. तुझा फोन वाजला की ती उठून मागच्या दारी जाऊन उभी राहते, जांभळीला टेकून. तुझ्या आईने पहिल्यांदा लाडीगोडी लावली, मग दटावलं. प्रज्वल फोन घेऊन तिच्यामागे गेला तर तिने तोंडावर फ्रॉक ओढून घेतला. आम्हाला वाटलं रुसवा आहे, आई सोडून गेली म्हणून. चार दिवसांत जाईल असं वाटून तुला खोटं सांगितलं. ते खोटं तुझ्या आईचं, पण बसलो होतो मीही शेजारी.

विनीत गेला तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. तेव्हाही तिने असं केलं नव्हतं. बाप गेला हे तिला समजलं, आणि तू निघालीस ते तिच्यासाठीच निघालीस हेही तिला माहीत होतं. विमानतळावर तर हसत हात हलवला होता तिने. मग आता काय झालं, कळत नाही.

तू जिवाला लावून घेऊ नको. अन्न वेळेवर खा. आमचा लोभ आहे तिथेच आहे, तू त्याची काळजी करू नको.

तुझे,
बाबा

---

क्वेबेक
३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज आज. प्रज्वलला ओवाळायला हात पोचत नव्हता म्हणून इथे एका आजोबांना जेवण भरवलं आणि मनातल्या मनात ओवाळलं.

दिवाळीचे सगळे दिवस ड्युटी होती. इथे दिवाळी कोणाला माहीत असणार? पण यांच्या सणांचीही ड्युटी मलाच लागली आहे, नाताळची, नव्या वर्षाची, सगळी. ड्युट्या लावणाऱ्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बाकीच्यांना घरी मुलं आहेत, तुला कोणी नाही, तुला काय फरक पडतो. मी मान हलवली. मी काही बोलले नाही, बाबा.

जनीसाठी पाठवलेला निळा फ्रॉक पोचला का? तिने घातला का? प्रज्वलने फोटो पाठवले त्यात आई आहे, तुम्ही आहात, शेजारची पोरं फुलबाजे पेटवताहेत, आणि जनीची नुसती पाठ दिसते. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पाठच मोठी झाली.

मी रोज फोन करते, रोज ती जांभळीखाली जाऊन उभी राहते. काल मी आईला म्हटलं फोन नुसता खिडकीत ठेव, मी बोलते, ती ऐकेल. मी गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, नंतर नुसती हाका मारत राहिले. पलीकडून भांडी पडल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. जेवणाचं ताट तसंच राहतं. इथल्या म्हाताऱ्यांच्या केसांतून फणी फिरवताना जनीचे केस आठवतात आणि हात थांबतो. मग त्या विचारतात, काय झालं. मी म्हणते, काही नाही.

बाबा, मी परत येऊ का? उन्हाळ्यात तिला इकडे आणायचं ठरवून आले आहे. पण जी माझ्या आवाजाला येत नाही ती माझ्याबरोबर विमानात कशी बसेल? माझं काय चुकलं ते तिला विचारा. मारू नका, ओरडू नका, फक्त विचारा.

लोभ कमी होऊ देऊ नका. तिचा झाला आहेच.

तुमची,
तेजल

---

बदलापूर गाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. तेजल हीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. जनीची तब्येत ठीक आहे, आधी ते लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत नवीन बाई आल्या, माधवी नावाच्या, अंबरनाथहून येतात. त्यांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला उभं करून नाव, गाव, घरी कोण कोण असतं ते सांगायला लावलं. जनीने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आजोबा, आजी, मामा सांगितले. बाईंनी आईबद्दल विचारलं. पोरीने सांगितलं, मला आई नाही. बाईंना वाटलं तू वारलीस. त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि मधल्या सुट्टीत तुझ्या आईला बोलावून हळहळल्या. तुझी आई शाळेच्या ओट्यावरच बसली. तिथे पोरांसमोर रडली. मी तिला इतकं रडताना विनीतच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी जनीला विचारलं. तू म्हणालीस तसंच, ओरडलो नाही. ती काही तरी बोलली, पण मान खाली घालून. मला ओठ दिसले नाहीत तर मला काय कळणार? तुझ्या आईने ऐकलं. जनी म्हणाली की आईनेच तसं सांगितलं आहे. कोणाला सांगितलं, कधी सांगितलं, पुढे एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कात्रीने वेणी कापली. तू घालायचीस ती, मधोमध भांग काढून. न्हाणीच्या मोरीत पडलेली सापडली. तिला दोन दिवस ताप आला. डॉक्टर म्हणतात अंगात काही नाही. तुझी आई म्हणते, पोरीला कोनाची तरी नजर लागली. रोज मीठमोहरी ओवाळून टाकते. मी आधी हसायचो, आता मीच मीठ आणून देतो.

आणि एक गोष्ट. दुपारी ती बाहुलीला भिंतीशी उभी करते आणि तिच्याकडून काही तरी वदवून घेते. तेच तेच, परत परत. तुझ्या आईला त्यातलं काही समजत नाही. आपलं नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही म्हणते. प्रज्वलने गुपचूप फोनवर ते घेतलं आहे, पत्राबरोबर पाठवतो. मी तर ऐकू शकत नाही. तू ऐक आणि सांग ही पोर बाहुलीला काय शिकवते आहे.

आणि 'तुला कोणी नाही' असं ती ड्युटीवाली कोणत्या तोंडाने म्हणाली? तुला पोर आहे, आईबाप आहेत. तू मूग गिळून का बसलीस? मला याचं उत्तर पाहिजे.

लोभाचं काय लिहू. आहे. पण आज त्याला धीर नाही.

तुझे,
बाबा

---

क्वेबेक
२१ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
तेजलचा नमस्कार.

ऐकलं. पहिला शब्द कानावर पडला आणि मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले.

बाबा, तो करिष्मा मॅडमचा पाठ आहे. जसाच्या तसा. माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. तुम्ही तो रोज बघितलात, आईने रोज ऐकला, पण अर्थ मी कोणालाच सांगितला नाही, म्हणून बाहुलीच्या तोंडी तो कोणाला ओळखू आला नाही. आता सांगते. माझं नाव तेजल. मी मुंबईजवळून आले. मी एकटी आहे. मला स्वयंपाक आणि प्रवास आवडतो. तुम्हाला भेटून आनंद झाला. आणि मध्ये एक ओळ आहे, ज ने पा दाँफाँ. म्हणजे, मला मूल नाही.

मॅडमनी तो पाठ हॉटेलात कामाला जाणाऱ्या कोवळ्या पोरांसाठी बनवला होता. क्लासमध्ये सगळे तोच म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं की मला मुलगी आहे, ही ओळ बदलू का. त्या म्हणाल्या, 'बच्चे नहीं हैं बोल दो, बात ख़तम. हैं बोलोगी तो पूछेंगे कितने, कहाँ हैं, किसके पास. फिर अटक जाओगी.' मला ते पटलं, बाबा. मला अडकण्याची एवढी धास्ती होती. वाटलं, नुसती परीक्षेपुरती ओळ आहे.

आणि त्या दिवशी जनी क्लासमध्ये होती. आई अंबरनाथला कोणाच्या तरी बारशाला गेली होती म्हणून मी तिला बरोबर नेलं होतं. मागच्या बाकावर बसून ती दाल-पकवान खात होती. मला वाटलं खाण्यात गुंग आहे. हिंदी तिला माझ्याहून चांगलं कळतं. तिने ऐकलं. आणि तरी घरी येऊन हातात डाव घेतला आणि ती ओळ माझ्याकडून पाठ करून घेतली. मी चुकले की पुन्हा म्हणायला लावली. ती वाट बघत असेल का हो, की आई आता तरी ही ओळ बदलेल?

मी नाही बदलली. पियानोजवळ उभी राहून सगळ्यांसमोर म्हटली. त्याच रात्री आईला फोनवर सांगितलं, मग तुम्हालाही पत्र लिहून कळवलं की एकही शब्द अडला नाही, टाळ्या पडल्या. त्या फोनच्या वेळी जनी आईच्या शेजारीच असणार ना? तेव्हापासूनच ती फोनवर यायची थांबली.

इथे सगळे मला एकटी समजतात. सुरुवातीला वाटलं, भाषा जरा आली की सांगेन. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील ही खोटारडी आहे, हिच्या हाती म्हातारी माणसं कशी सोपवायची? संचालिका बाई एका शब्दाच्या खोटेपणावर माणूस काढतात असं ऐकलं आहे. आणि जनीला इकडे आणायला त्यांचीच मदत लागणार. म्हणून गप्प बसले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

मला काही सुचत नाही. जनीला फोनवर सांगू का की तो नुसता पाठ होता? ती माझं ऐकेल का? बाबा, मला शिव्या द्या, पण काही तरी लिहा.

तेजल

---

बदलापूर गाव
२४ नोव्हेंबर २०२४

चि. तेजल,
आशीर्वाद देतो, पण रागात देतो.

तुझं पत्र आधी मी एकट्याने वाचलं. तुझ्या आईला प्रज्वलने वाचून दाखवलं. ती उठली आणि मीठमोहरीची वाटी धुऊन पालथी घातली. नजर कोणाची लागली ते कळलं.

सातासमुद्रापलीकडे जाऊन तू आमच्या नातीला पुसून आलीस, आणि वर टाळ्या घेतल्यास. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिणार. विनीत गेल्यावर मी पत्रात तुझ्या नावामागचं 'सौ.' गाळायला लागलो तेव्हा एक अक्षर गाळताना किती जड गेलं ते मला माहीत आहे. तू पोर गाळलीस.

आज प्रज्वलला घेऊन उल्हासनगरला गेलो, चार नंबरच्या कॅम्पात, मॅडमच्या क्लासला. भांडायलाच गेलो होतो. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर ती बाई फळ्यापाशी गेली आणि जे सांगायचं ते हिंदीत लिहून दाखवायला लागली, पोरांच्या देखत. तिने लिहिलं की आधी ती प्रत्येकाला वेगळं शिकवायची. एक मुलगी मुलाखतीत पुढच्या प्रश्नाला अडकली, रडली आणि परत आली, तेव्हापासून एकच पाठ. मग लिहिलं की तिचे आजोबा फाळणीत सिंधमधून इथल्या छावणीत आले तेव्हा त्यांनाही कोणी तरी एवढंच मराठी शिकवलं होतं, नाव सांगायचं, काम मागायचं, मागे कोण राहिलं ते बोलायचं नाही. मी प्रज्वलकडून जनीचं सगळं सांगवलं. तिने फळा पुसला, खुर्चीवर बसली आणि डोळ्यांना ओढणी लावली. मी भांडायला गेलो होतो ते तसंच राहिलं.

तिने तुझ्यासाठी नवा पाठ लिहून देते म्हणून कागद पुढे ओढला. मी नको म्हणालो. पुन्हा दुसऱ्याच्या तोंडचं नको.

आता माझं ऐक. तुझी आई या गावात नवी आली तेव्हा तिला गावदेवीसमोर उभी करून बायकांनी विचारलं होतं, कोणाची गं तू? आपल्याकडे प्रत्येक नव्या सुनेला विचारतात. नुसतं नाव सांगून चालत नाही. आईबाप सांगावे लागतात, माहेरचं गाव सांगावं लागतं, पाठची-पुढची भावंडं सांगावी लागतात. तुझी आई कौसाबाई घाबरून बापाचंच नाव विसरली होती, सगळ्या हसल्या, पण सांगितल्याशिवाय कोणी तिला पायरी चढू दिली नाही. माणसाची ओळख त्याच्या माणसांनी होते. तू तुझ्या माणसांना गाळून ओळख दिलीस, ती ओळख नव्हतीच.

जनीला फोन करू नको. तिला काही समजावू नको. जिथे उभी राहून ती ओळ म्हटलीस, तिथेच, त्याच माणसांसमोर उभी राहा आणि खरं सांग. अडकलीस तर अडक. नोकरी जायची असेल तर जाऊ दे, घराला दार आहे आणि ते आतून लावलेलं नाही. पण आधी तिथे सांग.

पोर काल जेवली नाही. आज अर्धी भाकरी खाल्ली. घाई कर.

राग आहे म्हणून लोभ नाही असं समजू नको. दोन्ही एकाच ठिकाणी राहतात.

बाबा

---

क्वेबेक
१ डिसेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

आज रविवार होता. सकाळी संचालिका बाईंना म्हटलं, मला जेवणाच्या वेळी पुन्हा ओळख करून द्यायची आहे. त्या म्हणाल्या, ती तर झाली. मी म्हटलं, चुकीची झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हटलं.

पियानोजवळ उभी राहिले. सगळे नातेवाईक आले होते, लहान मुलं टेबलाखाली खेळत होती. तोंड उघडलं आणि सवयीने पाठच यायला लागला. ज मापेल तेजल म्हटलं आणि पुढची ओळ आपोआप जिभेवर आली, ती मी गिळली. मग काहीच येईना. गावदेवीसमोर उभी असलेली आई आठवली. मग येईल ते बोलले. मी महिपती आणि कौसाबाईची मुलगी. माझं गाव बदलापूर. माझा नवरा विनीत, तो वारला. मी तुम्हाला पहिल्या दिवशी खोटं सांगितलं. जे यून फीय. मला मुलगी आहे. तिचं नाव जनी.

कोणी टाळी वाजवली नाही. ड्युट्या लावणारी बाई आपल्या ताटाकडे बघत बसली. संचालिका बाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं. मग रोझ आजी त्यांच्या चाकाच्या खुर्चीतून म्हणाल्या, 'केवढी आहे ती? कुठे असते? कोणाजवळ?'

मॅडमनी ज्या प्रश्नांना घाबरायला शिकवलं होतं तेच सगळे, त्याच क्रमाने. आणि मी प्रत्येकाला अडकले, बाबा. सातचा आकडा विसरले, बोटं दाखवली. आजोबांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते आठवेना तर माझ्या आईचा नवरा असं म्हटलं. जांभळीखाली उभी राहते ते सांगायचं होतं, जांभूळ यांना माहीतच नाही. रडत होते आणि बोलत होते. पण थांबले नाही. टेबलाखालची मुलंही बाहेर येऊन ऐकायला लागली.

स्वयंपाकघरातल्या एका मुलीला मी आधीच फोन देऊन ठेवला होता. तिने सगळं घेतलं आहे. ते पाठवते. जनीने ऐकावं म्हणून जबरदस्ती करू नका. तिला फ्रेंच फारसं येत नाही, पण फीय म्हणजे मुलगी एवढं तिला सांगा. तो शब्द पाठात नव्हता.

संचालिका बाईंनी उद्या सकाळी ऑफिसात बोलावलं आहे. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. काढलं तर मी येईन, तुमचं दार उघडं आहे म्हणालात. पण जनीचं दार उघडेल का, तेवढं मला सांगा.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुमची आणि जनीची,
तेजल

---

बदलापूर गाव
५ डिसेंबर २०२४

चि. तेजल हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी मनापासून.

काल तू प्रज्वलला कळवलंस की संचालिका बाईंनी खूप सुनावलं, पण ठेवलं. शिक्षा म्हणून नाताळची ड्युटी तशीच राहिली. राहू दे. ती तुझ्या वाट्याची आहे.

तुझा फोनवरचा तो तुकडा आम्ही ओट्यावर लावला. जनीला बोलावलं नाही, नुसता लावला. ती जांभळीकडे निघाली होती, तुझा आवाज आला तशी पाठमोरीच थांबली. मला ऐकू येत नाही म्हणून प्रज्वल बोटांवर ओळी मोजून दाखवत होता आणि मी तिच्याकडे बघत होतो. पहिल्या ओळीला तिची मान ताठ झाली. पुढची ओळ यायची तिथे तिने दोन्ही हात कानांवर नेले, पण झाकले नाहीत. मग तुझ्या आईने सांगितलं, फीय म्हणजे मुलगी. पोर होती तिथेच खाली बसली. परत लावायला सांगितलं, परत, परत. प्रज्वलच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा उठली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. तुझ्या आईने तिला मांडीवर घेऊन कापलेले केस सारखे केले.

फोनवर मात्र ती अजून येत नाही. आम्ही म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. तुला आणखी वाट बघावी लागेल, ती बघ. पण काल तिने मला ओढत उल्हासनगरला नेलं, मॅडमकडे. कशाला ते तिच्याच पत्रात वाच. पत्राची सुरुवात आणि शेवट कसा करतात ते विचारून घेतलं, मधलं मला बघू दिलं नाही. प्रज्वलने फोटो काढताना मी तोंड फिरवून उभा होतो.

आमचा लोभ जुना आहे, तो चालूच राहील. नवा आलाय तो जप.

तुझे,
बाबा

---

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी अजून फोनवर बोलणार नाही. पण लिहिते.

तू खूप चुका केल्यास. मी मोजत होते मग सोडून दिलं. मॅडम म्हणाल्या चुका चालतात. निळा फ्रॉक घातला. वेणी नाही म्हणून आजीने क्लिप लावली.

मॅडमच्या पाठात आई शब्द नव्हता. म्हणून मी जाऊन विचारला. त्यांनी फळ्यावर लिहिला. बाहुलीला पण शिकवला. सात हा आकडा पण शिकले, तू विसरली होतीस. आता माझी ओळख.

ज मापेल जनी. जे सेत आं. जे यून मेर.

शाळेत माधवी बाईंना मराठीत सांगितलं की मला आई आहे. बाईंनी विचारलं, कुठे असते, काय करते, कोणाची काळजी घेते. मी अडकले नाही. मग विचारलं, कधी येणार. तिथे अडकले. ते तू सांग.

लोभ असावा असं शेवटी लिहितात.

तुझी,
जनी